ड्रायव्हरलेस गाडीची चर्चा पुरे, आधी तालुक्याच्या गॅरेजकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालकाविना धावणाऱ्या गाड्यांबद्दल वर्तमानपत्रांत अधूनमधून लिहून येते आणि चर्चा बहुतेक एकाच प्रश्नापाशी थांबते : ड्रायव्हरच्या पोटाचे काय? केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममधल्या कार्यक्रमात सांगितले होते की अशा गाड्यांनी ७०-८० लाख लोकांच्या नोकऱ्या जातील, म्हणून त्या भारतात येऊ देणार नाही. काळजी रास्त आहे. पण दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद या यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात सॉफ्टवेअरने ड्रायव्हरच्या आधी मिस्त्रीला गाठले आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मिस्त्रीच्या हातून काम गेले की गाडीवाल्याची सुरक्षितताही जाते, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात वेमो कंपनीच्या गाड्या २०२० पासून चालकाविना प्रवासी नेत आहेत. त्याच देशात ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या अपघातानंतर क्रूझ कंपनीचा परवाना स्थगित झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिच्या मालक जनरल मोटर्सने तो टॅक्सीचा उद्योगच गुंडाळला. अशा गाड्या ठरवून दिलेल्या भागात, आधीच बारकाईने मोजून ठेवलेल्या नकाशांवर चालतात. आर्णीच्या आठवडी बाजारातून त्या इतक्यात जाणार नाहीत.

आपल्याकडे आली आहे ती स्वयंचलनाच्या पहिल्या-दुसऱ्या पातळीची चालकाला मदत, म्हणजे अ‍ॅडास. गाडी पुढच्या वाहनापासून अंतर राखते, लेनमध्ये राहायला स्टिअरिंगला हलका हात लावते, धोका दिसला तर स्वतः ब्रेक मारते. जबाबदारी मात्र पूर्णपणे चालकाची. २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर आणि २०२१ मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ७०० यांच्याबरोबर हे इथे रुळायला लागले. २०२३ मध्ये ते ह्युंदाई व्हेन्यूसारख्या लहान गाडीतही आले. म्हणजे आता ही चैनीची गोष्ट उरली नाही. पहिल्या मालकाने विकलेल्या अशा गाड्या तालुक्यात फिरू लागल्या आहेत आणि त्यांचा पहिला मोठा प्रश्न इंजिनाचा नसतो, पुढच्या काचेचा असतो.

आपल्या रस्त्यांवर गिट्टीचे टिप्पर उघडेच धावतात. एक खडा उडाला की काचेला तडा. पूर्वी कारागीर दुसरी काच बसवायचा, रबर दाबायचा, काम झाले. आता आरशाच्या मागे काचेला चिकटून कॅमेरा असतो आणि तो कुठे बघतो याचे माप त्याच काचेशी बांधलेले असते. कॅमेऱ्याचा रोख आडवा फक्त एक अंश सरकला, तर १०० मीटरवर त्याचा अंदाज पावणेदोन मीटरने चुकतो. आपल्याकडच्या लेनची रुंदी साधारण साडेतीन मीटर, म्हणजे अर्धी लेन गेली. समोरून शेजारच्या लेनमध्ये येणारा ट्रक गाडीला आपल्या वाटेत दिसेल, किंवा आपल्या वाटेतला ट्रक बाजूला दिसेल. डोळ्याने पाहून यातले काहीच कळत नाही. डॅशबोर्डवर दिवाही लागेलच असे नाही, कारण कॅमेरा बिघडलेला नसतो. तो चुकीच्या दिशेने व्यवस्थित बघत असतो.

म्हणून काच बदलल्यावर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याचा रोख पुन्हा मापात जुळवणे, करावेच लागते. त्याचा क्रम असा. काच त्याच मॉडेलची आणि कॅमेऱ्याच्या ब्रॅकेटची हवी. नुसती मापाने बसणारी काच चालत नाही. कॅमेऱ्यासमोरच्या भागात काच किंचित वेडीवाकडी असली तरी चित्र वाकते. काच चिकटवल्यावर सीलंटच्या डब्यावर लिहिलेला वेळ गाडी हलवायची नाही. मग चारही टायरमध्ये ठरलेली हवा, डिकी रिकामी, कारण मागे दोन पोती सोयाबीन असले तर गाडीचे नाक वर उचलते आणि कॅमेरा आभाळाकडे बघतो. त्यानंतर चारही चाकांचे अलाइनमेंट. फक्त पुढच्या चाकांचे करून भागत नाही, कारण मागचा धुरा तिरपा असेल तर गाडी सरळ दिसते पण किंचित तिरपी चालते. स्टिअरिंग सरळ असताना त्याच्या अँगल सेन्सरचा शून्यही स्कॅनरवर, म्हणजे गाडीचे सॉफ्टवेअर वाचणाऱ्या यंत्रावर, बघून घ्यावा.

आता खरे माप. काही कंपन्यांच्या गाड्यांना गॅरेजमध्येच समोर खुणांचा बोर्ड उभा करावा लागतो. त्यासाठी गाडीसह आठ-दहा मीटर लांब, पाण्याच्या लेव्हलने तपासलेली सपाट फरशी, सारखा उजेड, आणि बोर्डाच्या मागे चकाकणारे काही नको. गाडीची मधली रेघ ओळंबा सोडून जमिनीवर काढायची आणि बोर्ड तिच्याशी काटकोनात लावायचा. बोर्डाचे अंतर आणि उंची त्या मॉडेलच्या पत्रकात मिलिमीटरमध्ये दिलेली असते. बाकीच्या गाड्यांना स्कॅनर जोडून रस्त्यावर ठरलेल्या वेगाने चालवावे लागते, म्हणजे कॅमेरा लेनच्या पट्ट्या बघून स्वतःला जुळवतो. इथेच आमचे घोडे अडते. राज्यमार्गावर नवा डांबराचा थर पडला की पट्ट्या त्याखाली जातात आणि पुन्हा मारायला कोणी फिरकत नाही. कडेची रेघ मातीने झाकलेली, मधली पुसलेली. कितीही किलोमीटर चालवा, स्कॅनरवर कॅलिब्रेशन अर्धवटच दिसते. शेवटी नागपूर नाहीतर अमरावती गाठावी लागते.

गाडीमालकांनी एक लक्षात ठेवावे. काचेचा विमा क्लेम करताना अंदाजपत्रकात कॅलिब्रेशनची वेगळी ओळ लिहून घ्या आणि काम झाल्यावर स्कॅनरचा आधीचा व नंतरचा रिपोर्ट मागा. क्लेम मंजूर झाल्यावर ही ओळ घालायला गेले की वाद होतो. तो खर्च वाचवायला काम सोडून देऊ नका. नंबर चुकलेला चष्मा लावून रात्री गाडी चालवण्यासारखे ते आहे.

पुढच्या वाहनाचा अंदाज घ्यायला कॅमेऱ्याच्या जोडीला रडार असते, त्याचे दुखणे निराळे. ते ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते आणि पुढच्या जाळीमागे किंवा कंपनीच्या चिन्हामागे बसवलेले असते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरचा काळ्या मातीचा चिखल तिथे थापला गेला की रडार बंद पडते आणि सूचना येते. धुतले की सुरू होते. हे सोपे. अवघड आहे ते बंपरपुढे बसवलेल्या लोखंडी क्रॅश गार्डचे. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा ठरवले, तरी रानडुकराच्या भीतीने लोक ते बसवतात. रडारच्या तोंडासमोर लोखंड आले की लहरी तिथूनच परततात. गाडी समोर नसलेल्याच वस्तूला ब्रेक मारते किंवा सगळी यंत्रणा बंद करून बसते. मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत बाजूचे रडार असतात. तिथे लांबी (पुट्टी) भरून जाड रंग मारला, त्यातही धातूच्या कणांचा, तर लहरी अडतात. पेंटरला हे कोणी सांगितलेले नसते.

आणि सगळे अगदी नीट बसवलेले असले तरी या यंत्रणेला विदर्भातले रस्ते पूर्ण कळत नाहीत, हे चालवणाऱ्याने मनात पक्के धरावे. रडार वेगातला फरक उत्तम मोजते, पण रस्त्यावर स्थिर उभ्या गोष्टी म्हणजे पाट्या, पुलाचे कठडे, विजेचे खांब इतक्या असतात की प्रत्येकावर ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही. म्हणून सॉफ्टवेअर स्थिर वस्तू बऱ्याच प्रमाणात गाळते आणि हे वाहनच आहे का, ही खात्री कॅमेऱ्याकडून मागते. कॅमेरा वाहन ओळखतो ते शिकवलेल्या चित्रांवरून : मागच्या दोन दिव्यांची जोडी, नंबरप्लेट, टायरची सावली. आता डिसेंबरातली रात्र डोळ्यांसमोर आणा. कापसाने दोन्ही बाजूंनी फुगलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर कापसाखाली दबलेला, कडेला अर्धी डांबरावर उभी. कापूस रडारच्या लहरी फारशा परतवत नाही आणि कॅमेऱ्याला ओळखीचा आकार सापडत नाही. बैलबंडीचे तेच. रोही (नीलगाय) रस्त्यात आडवा आला तर बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते की जनावर ओळखले जाईलच असे नाही. ते पान वाचून ठेवावे.

परदेशात शिकवलेल्या यंत्रणेला हे दिसावे म्हणून आपल्याकडे काम झालेले आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१८ मध्ये भारतीय रस्त्यांची १०,००० चित्रे ३४ वर्गांत खुणा करून उपलब्ध केली. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरांनाही जागा आहे. नागपुरात २०२१ पासून आय-रास्ते प्रकल्पात शहर बसगाड्यांना धोक्याचा इशारा देणारी उपकरणे बसवली गेली. महापालिका, इंटेल, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा असे सगळे त्यात होते. अशा कामाचा आम्हाला आदर आहे. तेच मोजमाप कापसाच्या हंगामात तालुक्याच्या रस्त्यांवरही व्हावे, एवढेच म्हणणे आहे.

समृद्धी महामार्गाने यात भर घातली आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे. तिथे पट्ट्या ठळक, वळणे मोठी, समोरून वाहन नाही. अ‍ॅडास छान चालते आणि चालकाचा विश्वास बसतो. ताशी १२० च्या मर्यादेत एका सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे जाते, त्यामुळे तिथेही नजर हलवायची सोय नाहीच. खरा धोका कारंजाला खाली उतरल्यावर. तोच चालक, तीच गाडी, तोच विश्वास, आणि समोर पट्टी नसलेला रस्ता, खड्डे, ट्रॉली, बंडी. पट्टी दिसेनाशी झाली की लेनची मदत सुटते, आणि कित्येक गाड्यांत ते फक्त डॅशबोर्डवरचे हिरवे चिन्ह पांढरे होऊन कळते. उतरताच ती मदत हाताने बंद करावी. आपत्कालीन ब्रेक मात्र चालू राहू द्यावा. स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून सेन्सरला फसवणाऱ्यांना कळकळीने सांगणे आहे, हे करू नका.

आता गॅरेजच्या मुद्द्याकडे येतो. पूर्वी काच वर-खाली करायची वायर बटणातून थेट मोटारीला जायची. आता बटण एका मॉड्यूलला, म्हणजे छोट्या संगणकाला, निरोप देते, मॉड्यूल तो सगळ्या मॉड्यूलना जोडणाऱ्या कॅन लाइनवर टाकते आणि दुसरे मॉड्यूल मोटार फिरवते. बॉशने १९८६ मध्ये आणलेली ही दोन वायरींची लाइन आज गाडीचा कणा आहे. तिला जपायची पद्धत मात्र तालुक्यात कोणी शिकवली नाही. गोदामात तूर आली की उंदीर येतात, बॉनेटखाली ऊब असते, आणि एक वायर कुरतडली की एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम लागतात. गाडीमालक घाबरतो आणि सांगणारे सांगतात की ईसीयू, म्हणजे गाडीचा मुख्य संगणक, गेला. ईसीयूला हात लावण्याआधी मल्टिमीटर घ्या. चावी बंद करून मॉड्यूल झोपेपर्यंत थांबा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ व १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आले तर ती लाइन शाबूत. १२० आले तर एका बाजूचा रेझिस्टर सुटला किंवा मध्ये वायर तुटली. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या. मग बॅटरी जोडून चावी चालू करून दोन्ही पिनांचे व्होल्टेज जमिनीशी मोजा : एक अडीचच्या थोडे वर, दुसरे थोडे खाली, बेरीज पाचच्या आसपास हवी. ज्या गाडीत गेटवे, म्हणजे आतल्या लाइनी वेगळ्या ठेवणारे मॉड्यूल, आहे तिथे या पिनांवर फक्त तपासणीची लाइन दिसते. आतल्या लाइनी गेटवेच्या कनेक्टरवर मोजाव्या लागतात. जोड देताना दोन्ही वायरींचा पीळ कायम ठेवा, तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त सुटा ठेवू नका, जोड पुढे-मागे घ्या आणि वर हीट श्रिंक चढवा. नुसती टेप गुंडाळली तर पहिल्या पावसात दिवे परत लागतात.

ट्रॉलीसाठी चेसिसला हूक वेल्डिंग करताना बॅटरी सोडवून घेणे, आणि बॅटरी उतरल्यावर जंप स्टार्टची काळी क्लिप निगेटिव्ह टर्मिनलवरच्या सेन्सरला न लावता इंजिनाच्या लोखंडाला लावणे, एवढ्यानेही पुष्कळ नुकसान टळते.

इथपर्यंत हाताच्या कौशल्याने निभावते. पुढे भिंत आहे. बाजारात हजार-दीड हजाराला मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनाचे प्रदूषणविषयक कोड वाचतो. कॅमेरा, एअरबॅग, एबीएस त्याला दिसत नाहीत. नव्या मॉड्यूलला गाडीशी ओळख करून द्यायला कंपनीचे सॉफ्टवेअर आणि तिच्या सर्व्हरची परवानगी लागते. जुने सॉफ्टवेअर बदलून नवे घालताना बॅटरीला सलग आधार देणारा चार्जर लागतो, कारण मधे व्होल्टेज पडले किंवा वीज गेली की मॉड्यूल कायमचे निकामी होऊ शकते. नव्या गाड्यांत हवेतून येणाऱ्या अपडेटला बऱ्याचदा सॉफ्टवेअरची दुसरी प्रत राखून ठेवलेली असते, त्यामुळे नेटवर्क तुटले तरी गाडी सुरू होते. वायर जोडून भरायच्या जुन्या ईसीयूंपैकी बहुतेकांना तो आधार नाही.

डिझेलवाल्यांचे एक दुखणे याच जातीचे. धुरातले प्रदूषण कमी करणारी एससीआर यंत्रणा असलेल्या गाडीत डीईएफ नावाचे द्रव लागते, म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया. पंपावर मिळाले नाही म्हणून ४५ किलोच्या गोणीतला खताचा युरिया पाण्यात घोळून ओतला जातो. तो निंबोळीचे आवरण दिलेला असतो, त्यात आणि बोअरच्या पाण्यात जे काही असते ते इंजेक्टरच्या तोंडाशी पांढरे खडे होऊन बसते आणि कॅटॅलिस्ट खराब करते. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या नॉक्स सेन्सरला फरक कळतो, सॉफ्टवेअर उरलेले किलोमीटर मोजायला लागते आणि शेवटी इंजिन सुरू होऊ देत नाही. टाकी काढून धुतली तरी मोजणी कंपनीच्या स्कॅनरशिवाय मागे जात नाही, आणि तो स्कॅनर आमच्याकडे नाही.

हे नवे भांडण नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजला न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला होता. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारी आणि शेतीची यंत्रे दोन्ही आहेत. पण पोर्टलवर नाव असणे आणि गॅरेजला लॉगिन मिळणे यात अंतर आहे. युरोपात २०१८ च्या नियमाने स्वतंत्र गॅरेजला दुरुस्तीची माहिती वाजवी शुल्कात देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. गाडीच्या सॉफ्टवेअरला चोरापासून कुलूप लागलेच पाहिजे, २०१५ मध्ये जीप चेरोकी दुरून ताब्यात घेऊन दाखवल्यावर १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पण ओळख पटवलेल्या, नोंदणीकृत मिस्त्रीला किल्ली देणे आणि कुलूप मजबूत ठेवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

केंद्राने मार्च २०२५ मध्ये मसुदा काढून नव्या बस आणि ट्रकना आपत्कालीन ब्रेक, लेन सुटल्याचा इशारा आणि चालकाला डुलकी लागल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव चांगला आहे. मात्र तो लागू होईल तेव्हा या सगळ्या वाहनांचे कॅमेरे आणि रडार कोण जुळवणार, याचे उत्तर आजच द्यावे लागेल. आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नोंदणी केलेल्या स्वतंत्र गॅरेजला कंपनीचे सॉफ्टवेअर दिवसाच्या भाड्याने मिळावे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकलच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कॅन लाइनवरचे प्रत्यक्ष काम व्हावे, आणि जिल्ह्यात निदान एका आयटीआयमध्ये कॅलिब्रेशनची सपाट जागा, बोर्ड व बॅटरी सपोर्ट चार्जर असा संच असावा, जो बाहेरच्या मिस्त्रींनाही शुल्क भरून वापरता येईल. सार्वजनिक बांधकाम विभागाने डांबराच्या प्रत्येक नव्या थराच्या कंत्राटातच काचमणी टाकलेल्या थर्मोप्लास्टिक पट्ट्या आणि कडेच्या रेघा धराव्यात आणि त्या मारल्याशिवाय शेवटचे बिल काढू नये. आणि कापूस खरेदी सुरू होण्याआधी बाजार समित्यांनी फाटकावरच प्रत्येक ट्रॉलीच्या मागे, भार भरल्यावरही दिसेल अशा उंचीवर, लाल रिफ्लेक्टर पट्टी लावून घ्यावी. हे शेवटचे काम याच हंगामात होऊ शकते. त्याला ना सॉफ्टवेअर लागते, ना कोणाची परवानगी.

आपले,
वाहनदुरुस्तीच्या व्यवसायातील वाचक
दारव्हा, जि. यवतमाळ